सरपटणाऱ्या प्राण्यांचे हास्यचित्र : इयत्ता पहिली ते तिसरीसाठी एक पाठ

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला जागा असते. परंतु पुष्कळ वर्गांत हा तास आंबा, झेंडा, घर आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य यांच्यापलीकडे जात नाही. शिक्षक फळ्यावर चित्र काढतात, मुले ते मुकाट्याने उतरवून घेतात आणि तास संपतो. या लेखात एका वेगळ्या पाठाचा विचार करावयाचा आहे. कासव, पाल, सरडा, साप, मगर अशा सरपटणाऱ्या प्राण्यांचे हास्यचित्र लहान मुलांकडून कसे काढवून घ्यावे, हा त्याचा विषय. विषय हसण्याचा असला तरी त्याच्या पोटात एक गंभीर गोष्ट आहे. ज्या प्राण्यांविषयी मुलांच्या मनात भय, किळस आणि ऐकीव समजुती यांची दाटी झालेली असते, त्यांच्याकडे नीट पाहावयास शिकविण्याची संधी या एका पाठात मिळते.

हास्यचित्र म्हणजे काय?

हास्यचित्र म्हणजे वेडेवाकडे चित्र नव्हे. ज्याचे चित्र काढावयाचे त्याचे खास लक्षण हेरावे, ते मोठे करून दाखवावे आणि बाकीचे दोन-चार रेषांत आटोपावे, ही हास्यचित्राची रीत आहे. लक्षण हेरावयाचे तर आधी पाहावे लागते. थोर व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना कावळ्याचा मोठा लळा होता. लहानपणापासून त्यांनी कावळे न्याहाळले आणि आयुष्यभर रेखाटले. त्यांचा कावळा आपणास खराखुरा वाटतो तो या पाहण्यामुळे. शि. द. फडणीस यांची चित्रे एका शब्दावाचून हसवितात, त्याचेही मर्म हेच. त्यांतील माणसे व वस्तू आपल्या रोजच्या ओळखीच्या असतात. त्यांची मांडणी मात्र अवचित असते.

यावरून या पाठाचा एकच नियम निघतो : जे आहे ते वाढवावे, जे नाही ते शरीरास चिकटवू नये.

येथे कोणी विचारील, कासवाच्या हातात छत्री दिली तर ती कोठे खरी असते? छत्री, टोपी, दप्तर हा खेळातला पोशाख आहे. कासव छत्री धरीत नाही हे पहिलीच्या मुलासही ठाऊक असते, म्हणून त्याला हसू येते. परंतु कासव आपल्या पाठीतून अंगरख्यातून निघावे तसे बाहेर येत नाही, हे त्याला ठाऊक नसते. चित्रात तसे दाखविले तर ते गंमत म्हणून न घेता माहिती म्हणून घेईल. कासवाची पाठ त्याच्या कण्याशी व बरगड्यांशी एकजीव झालेली असते. तेव्हा पोशाखात हवी तेवढी मौज करावी, शरीराच्या बाबतीत मात्र सत्याची कास सोडू नये. आजची मुले दूरचित्रवाणीवर व भ्रमणध्वनीवर लांब पापण्यांचे साप आणि पाठ काढून ठेवणारी कासवे पाहून शाळेत येतात. म्हणून शिक्षकाने हा भेद अधिकच जपावयास हवा.

हेच प्राणी का निवडावेत?

याची कारणे दोन. पहिले, हे प्राणी काढावयास सोपे आहेत. घोडा काढताना चार पायांचे सांधे मोठ्या माणसासही चकवितात. याउलट साप ही एक वळती रेघ आहे, कासव ही पालथी वाटी आहे, मगर हा लांब जबडा व त्याहून लांब शेपूट आहे. ज्या मुलास ‘मला चित्र येत नाही’ असे वाटते, त्याच्या हातून पहिल्याच दिवशी ओळखू येईल असा साप उतरतो आणि त्याचा धीर चेपतो.

दुसरे, हे प्राणी मुलांच्या परिसरातले आहेत. पाल घरोघरी भिंतीवर असते. सरडा कुंपणावर मान हलविताना दिसतो. कासव विहिरीत, तळ्यात असते. सांगलीकडे कृष्णेत आणि चिपळुणास वाशिष्ठीत मगरी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. नागपंचमीस घरातील स्त्रिया पाटावर गंधाने नाग काढतात, हे तर मुलांनी जवळ बसून पाहिलेले असते. चार रेषांत नाग उभा करण्याची ही कला मुलाच्या घरातच आहे. पाठाचा आरंभ तिच्यापासून करता येईल. ‘तुमच्या आईने नाग काढला तेव्हा आधी कोणती रेघ ओढली?’ असे विचारताच वर्गातील निम्मे हात वर होतील.

बालकाची रेषा

पहिलीतील मूल डोळ्यांना दिसते ते न काढता मनाला ठाऊक असते ते काढते. म्हणून बाजूने पाहिलेल्या कासवाला ते दोन्ही डोळे एकाच गालावर काढील आणि चारही पाय एका ओळीत लावील. व्हिक्टर लोवेनफेल्ड या शिक्षणशास्त्रज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या आहेत. साधारण दोन ते चार या वयात नुसत्या रेघोट्या, चार ते सात या वयात ओळखू येऊ लागणारे आकार आणि सात ते नऊ या वयात प्रत्येक वस्तूसाठी मुलाने ठरवून टाकलेला स्वतःचा आकार, असा तो क्रम आहे. आपला पाठ दुसऱ्या व तिसऱ्या पायरीवरील मुलांसाठी आहे. अशा वयात ‘दुसरा डोळा पुस, तो दिसत नाही’ असे सांगून मूल शिकत नाही. ते फक्त हात आखडते. आपल्याच महाराष्ट्रात सेवाग्राम येथे १९४४ पासून अनेक वर्षे देवीप्रसाद यांनी नयी तालीममध्ये कलाशिक्षणाचे काम केले. मुलाच्या स्वतंत्र आविष्काराला त्यांनी जे मोल दिले, ते आजही लक्षात घेण्याजोगे आहे.

म्हणून शिक्षकाने रेघ सुधारू नये, प्रश्न विचारावा. ‘पाय चुकला’ असे न म्हणता ‘याचे पाय पाण्यात चालतील का?’ असे विचारावे. उत्तर शोधताना मूल स्वतःच पुन्हा पेन्सिल उचलते.

आधी निरीक्षण

पाठ दोन तासांचा धरावा आणि मध्ये एक संध्याकाळ मोकळी सोडावी. पहिल्या तासाच्या अखेरीस वर्गात पुढील प्रकारचे संभाषण व्हावे.

शिक्षक : पाल भिंतीवरून पडत का नाही?

विद्यार्थी : तिच्या पायाला डिंक असतो, गुरुजी.

शिक्षक : डिंक असता तर पाय उचलताना चिकटून बसला असता. आज रात्री दिव्याजवळची पाल पाहा. हात लावू नका, फक्त पाहा. तिची बोटे कशी आहेत, डोळा मिटते का, शेपूट केव्हा हलविते, एवढे उद्या सांगा.

पालीच्या बोटांची टोके रुंद असतात. त्यांच्या खाली अतिशय सूक्ष्म केसांच्या रांगा असतात व त्यांमुळे ती भिंतीला धरून राहते. तिला उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर धूळ बसली तर ती जिभेने पुसते. संकटात ती शेपूट टाकून पळते, तुटलेली शेपूट काही वेळ वळवळत राहते आणि पुढे नवी शेपूट फुटते. आपल्या घरातील पाल विषारी नसते. यांतील एखादी गोष्ट जरी मुलाने स्वतः पाहिली, तरी दुसऱ्या दिवशीच्या चित्रात पालीची बोटे मोठी होतात, डोळे वाटोळे होतात. आदल्या दिवशी जी नुसती चार काड्यांची आकृती होती, तिला स्वतःचे रूप येते. हेच ते लक्षण मोठे करणे. मुलाला त्याचे नाव सांगण्याची गरज नाही.

निरीक्षणासाठी प्राणी वर्गात आणवू नये. आपल्याकडील देशी कासवे, घोरपडी, साप यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना पकडणे व पाळणे हा गुन्हा ठरतो. मुलांनी ‘गुरुजींसाठी’ म्हणून विहिरीतले कासव उचलून आणले, असे होऊ नये. जो प्राणी जवळपास दिसत नाही त्याचे चांगले छायाचित्र पुरे.

कासवाचा पाठ

दुसऱ्या तासास कासव घ्यावे. साहित्य पाटी-पेन्सिल किंवा कागद व रंगखडू. कागद थोडे असल्यास वर्गाच्या फरशीवर खडूने काढावे. मोठ्या जागेत मुलांचा हात मोकळा होतो.

प्रथम सर्वांनी हवेत बोटाने पालथी वाटी काढावी. मग तीच पाटीवर उतरवून खालून एक आडवी रेघ ओढावी. ही झाली पाठ. डोके कोणत्या बाजूस, हे प्रत्येकाने आपले आपण ठरवावे. काहींची कासवे डावीकडे निघतील, काहींची उजवीकडे. ते इष्टच आहे.

आता पाय. येथे शिक्षकाने थांबून विचारावे, ‘तुमचे कासव राहते कोठे?’ कारण कासवाचे पाय पाहून त्याचे घर सांगता येते. जमिनीवरील कासवाचे पाय हत्तीच्या पायासारखे जाड व खांबासारखे असतात. तळ्यातील व विहिरीतील कासवाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो. समुद्रातील कासवाचे पाय वल्ह्यासारखे पसरट असतात. मुलाने घर निवडले की त्याने त्या घराचे पाय काढावेत आणि हवे तेवढे मोठे काढावेत. खांबाएवढे पाय किंवा होडीएवढे वल्हे, दोन्ही हसवितील आणि दोन्ही खरे असतील.

पाठीवरील नक्षीही अशीच. तारांकित कासवासारख्या कठीण पाठीच्या कासवावर मधोमध पाच व दोन्ही बाजूंस चार-चार, असे तेरा मोठे खवले असतात. कडेचे लहान खवले निराळे. बाजूने पाहिल्यास वरचे पाच व एका कडेचे चार दिसतील. तिसरीच्या मुलांनी वरून पाहिलेले कासव काढल्यास पाच आणि दोन वेळा चार मिळून तेरा ही बेरीजही होईल. विहिरीतील मऊ पाठीच्या कासवावर मात्र असे खवले नसतात. त्याची पाठ गुळगुळीत ठेवावी.

शेवटी तोंड. हास्यचित्र म्हटले की मुले भुवया आणि दातांची रांग काढू लागतात. कासवाला दात नसतात. त्याच्या जबड्याची कड चोचीसारखी कठीण असते. म्हणून हसरे कासव दात दाखवीत नाही, गालात हसते. मगरीचे मात्र तोंड मिटले तरी दात बाहेर दिसतात. तिचे दात हवे तेवढे मोठे करावेत. भाव दाखविण्यास भुवयांची गरजही नसते. मान लांब ताणली तर कासव कुतूहलाने पाहत आहे असे वाटते, अर्धी आत ओढली तर ते लाजले आहे आणि पूर्ण आत ओढली तर घाबरले आहे. खरे कासवही भय वाटले की मान आत घेते. एकाच पाठीला तीन निरनिराळ्या माना लावून शिक्षकाने हे फळ्यावर दाखवावे आणि दाखवून झाल्याबरोबर आपली चित्रे पुसून टाकावीत. फळ्यावर चित्र राहिले तर वर्गात चाळीस वेळा तेच कासव निघेल.

सापाचे चित्र

सापाचा पाठ सर्वांत सोपा आणि सर्वांत जबाबदारीचा आहे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील, निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आणि चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे आहेत. आपल्या शाळा ज्या महिन्यात उघडतात, तोच हा काळ.

म्हणून सापाच्या हास्यचित्रात दोन टोके टाळावीत. लाल डोळ्यांचा, आग ओकणारा राक्षसी साप काढविला तर मूल प्रत्येक सापाला वैरी समजते. मग शेतातील उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हित करणारी निरुपद्रवी धामणही काठीखाली जाते. उलट गळ्यात पडणारा, हस्तांदोलन करणारा लडिवाळ साप काढविला तर मूल एखाद्या दिवशी खऱ्या सापाकडे हात पुढे करील. साप हसरा असावयास हरकत नाही. पण त्याच चित्रात मूल असेल तर दोघांत अंतर असावे. ‘तू इथूनच नमस्कार करतोस की नाही?’ असे विचारून ते अंतर मुलाकडूनच काढवून घ्यावे.

सापाची खरी लक्षणेही गमतीची आहेत. त्याला पापण्या नसतात, म्हणून तो झोपला तरी डोळे उघडेच. वर्गात शेवटच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपलेला साप आणि तो जागा आहे असे समजणारे गुरुजी, ही कल्पना मुलांना फार आवडेल. त्याची दुभंगलेली जीभ म्हणजे नांगी नव्हे. ती हवेतील वास टिपते. ती लांबच लांब काढून टोकाशी एखादे फूल किंवा चपाती दाखवावी. त्याला बाहेरून दिसणारे कान नसतात. पुंगीपुढे नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीमुळे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. म्हणून त्याच्यापुढे दुधाची वाटी काढू नये.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांची नावे मुलांना माहीत असावीत. परंतु ‘हा विषारी, तो बिनविषारी’ अशी परीक्षा त्यांच्याकडून करवू नये. कवड्या हा बिनविषारी साप मण्यारीसारखा दिसतो व मोठी माणसेही फसतात. मुलास तीनच गोष्टी याव्यात आणि त्या चित्राखाली लिहवून घ्याव्यात : साप दिसला की थांबावे, हळूच मागे सरावे, मोठ्या माणसास सांगावे. शिक्षकाने याखेरीज हेही जाणून असावे की, दंश झाल्यास मुलास धीर द्यावा व दंश झालेला अवयव हलू देऊ नये. जखमेस काप देऊ नये, रक्त चोखू नये, दोरी आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पविषावरील लस असलेले रुग्णालय गाठावे.

चित्र झाल्यावर

चित्रांना गुण देऊ नयेत व ‘सर्वांत चांगले कोणाचे?’ असे विचारू नये. वर्गात दोरी बांधून सर्व चित्रे लावावीत. पाटीवरील चित्रे भिंतीशी ओळीने मांडावीत. प्रत्येक मुलाने आपल्या प्राण्याविषयी एक वाक्य बोलावे. दुसरी-तिसरीच्या मुलांनी ते लिहावे. ‘माझे कासव समुद्रात राहते म्हणून त्याचे पाय वल्ह्यासारखे आहेत,’ एवढे वाक्य आले तर भाषा, परिसर अभ्यास आणि चित्रकला या तिन्ही विषयांचा समवाय साधला असे समजावे. एखाद्या मुलास सापाची किंवा पालीची खरोखरच भीती वाटत असेल, तर त्याला आग्रह करू नये. त्याने कासव काढावे. पुष्कळदा दुसऱ्याच्या चित्रातील पालीकडे पाहून हसल्यावर असे मूल आपणहून खडू मागते.

पाठ यशस्वी झाला की नाही, हे चित्रांच्या सफाईवरून ठरवू नये. मुलांचे बोलणे ऐकावे. ‘शी! पाल!’ याऐवजी ‘हिची शेपूट नवी फुटली आहे’ असे एखादे मूल म्हणाले, कुंपणावरच्या सरड्याला मारण्यासाठी उचललेला दगड कोणी खाली ठेवला, किंवा बांधावर साप दिसताच कोणी धाकट्या भावाचा हात धरून मागे सरले, तर दोन तासांचे सार्थक झाले.

शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ शाळा सुरू झाल्यावर, नागपंचमीच्या आधी, आपापल्या वर्गात घ्यावा. फारसा खर्च नाही, तयारीही थोडीच. थोडे खडू आणि भिंतीवरची एक पाल एवढे साहित्य प्रत्येक शाळेत आहे.